घरच्यासारखी

मराठी भाषेत काही शब्द असे आहेत की ते कानावर पडताच माणसाने खिसा चाचपून पाहावा. ‘सहज आलो होतो’, ‘पैशाचं काय एवढं’, ‘तुमच्याकडून काय जास्त घ्यायचं’ हे त्यांतले काही. पण या सगळ्यांचा मुकुटमणी शोभावा असा शब्द म्हणजे ‘घरच्यासारखी’. लहान मूल असलेल्या कोणत्याही घरात जा. आई नोकरीला, बाप नोकरीला, आजीचे गुडघे संपावर आणि आजोबांचं नाक वर्तमानपत्रात. अशा घराला मूल सांभाळायला बाई हवी असते. कशी? तर घरच्यासारखी!

आमच्या घरात नातू आला त्याला आता दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत हा शब्द मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकला की याच्याविरुद्ध कुणीतरी एकदा जाहीर बोललं पाहिजे असं माझं ठाम मत झालं आहे. दुसरं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. निवृत्त माणसाला बोलण्याखेरीज दुसरं काम नसतं, असं आमच्या हिचं म्हणणं आहेच.

प्रथम बाईकडून असलेल्या अपेक्षा पाहा. चिरंजीव आणि सूनबाई यांनी मिळून एक यादी केली होती. लग्नाच्या वेळी चिरंजिवांनी वधूकडूनही इतक्या अपेक्षा ठेवल्या नव्हत्या. बाई तिशीच्या पुढची असावी, कारण त्याआधीच्या बायका फोनवर बोलतात. पन्नाशीच्या आतली असावी, कारण त्यापुढच्या बायका खाली बसल्या की लवकर उठत नाहीत. लिहितावाचता यावं, म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं वाचता येईल. पण फार येऊ नये, म्हणजे टेबलावरचे कागद वाचता येणार नाहीत. भाषा शुद्ध असावी, म्हणजे मुलाच्या कानावर ‘आनि-पानी’ पडायचं नाही. (मूल पुढे इंग्रजी शाळेत जाऊन पाण्याला ‘वॉटर’च म्हणणार आहे, ही गोष्ट वेगळी.) संसारी असावी, म्हणजे मुलांची माया असेल, पण तिच्या संसारातल्या कुणी मध्येच आजारी पडू नये. तिला स्वतःची मुलं असावीत, पण ती मोठी, समजूतदार आणि शक्यतो गावाला असावीत. थोडक्यात म्हणजे साक्षात यशोदा हवी होती. फक्त ती सकाळी आठला येऊन रात्री आठला परत गोकुळात जाणारी हवी होती.

अशा बाया पुरवणारे ब्यूरो असतात. त्यातल्या एका ब्यूरोत मी चिरंजिवांबरोबर गेलो होतो. नाव सांगत नाही. सगळे सारखेच असावेत. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी एक फॉर्म पुढे सरकवला आणि अटी सांगितल्या. बाईच्या एका महिन्याच्या पगाराइतकं कमिशन. बाई पसंत पडली नाही तर वर्षात तीन वेळा बदलून मिळेल. मी विचारलं, “आणि घर बाईला पसंत पडलं नाही तर?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मिक्सरच्या दुकानात जाऊन मिक्सरला ग्राहक आवडला का, असं विचारलं असावं. मग त्यांनी पोलीस पडताळणीचं सांगितलं. बाईचा फोटो, आधार कार्ड, गावचा पत्ता, नातेवाइकांचे फोन, सगळं पोलीस चौकीत द्यायचं. ठीक आहे. अनोळखी माणूस घरात घ्यायचा तर चौकशी हवीच. पण ती बाईसुद्धा एका अनोळखी घरात शिरत असते. त्या घरातला यजमान कसा आहे, याची पडताळणी तिने कोणत्या चौकीत करायची? यावर ब्यूरोवाल्यांनी चहा मागवला. आमच्यासाठीच.

बायांची स्वतःची पडताळणी असते म्हणा. सोसायटीच्या फाटकाबाहेर गुलमोहराखाली सकाळी पावणेआठला जी पाच मिनिटांची सभा भरते, तिच्यापुढे गुन्हा अन्वेषण विभागाने शिकवणी लावावी. कुठल्या घरात शिळं देतात, कुठल्या घरात पगार सात तारखेचा म्हणून सतरा तारखेला होतो, कुठल्या साहेबांच्या घरी एकटीने थांबायचं नाही, ही सगळी माहिती तिथे तोंडी नोंदवलेली असते.

मग मुलाखतीचा दिवस उजाडला. आम्ही चौघे कोचावर. समोर बाई, खुर्ची असूनही उभी. सूनबाईंनी यादीतले प्रश्न एकापाठोपाठ एक विचारले. बाईंनी शांतपणे उत्तरं दिली आणि म्हणाल्या, “आता मी विचारू?” ही गोष्ट यादीत नव्हती.

“विचारा ना,” सूनबाई म्हणाल्या.

“आजोबा दिवसभर घरी असतात?”

“हो.”

“मधेमधे बोलतात?”

हिने उत्तर देण्याची जी घाई केली ती मी विसरलेलो नाही.

“बरं. आणि रविवारी सुट्टी?”

आता खोलीत शांतता पसरली. चिरंजीव पंख्याकडे पाहू लागले. मग सूनबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “मावशी, सुट्टीबिट्टीचं असं काही ठरवू नका हो. तुम्ही काय, आम्हांला घरच्यासारख्याच.”

त्यावर बाई म्हणाल्या, “घरच्यासारखं नको ताई. घरी मला एक दिवस सुट्टी नसते. म्हणून तर विचारलं.”

माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत आमच्या दिवाणखान्यात याहून शहाणं वाक्य कुणी उच्चारलेलं नाही, आणि आमच्या दिवाणखान्यात दोन प्राध्यापक येऊन गेले आहेत. मी ताबडतोब बाईंच्या बाजूने मत दिलं. रविवारची सुट्टी मंजूर झाली. कामाचे तास एका कागदावर लिहिले गेले आणि त्यावर दोन्हीकडून सह्या झाल्या. सहीसाठी बाई खुर्चीवर बसल्या. तो कागद आमच्या फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावलेला आहे.

आता जरा विचार करा, ‘घरची’ म्हणजे कोण? मराठी घरातल्या घरच्या बाईला पगार नाही, तास नाहीत, सुट्टी नाही, रजा नाही. ताप आला तरी ‘जरा भात टाकून मग पड’ अशी व्यवस्था. पिढ्यान् पिढ्या आपण घरच्या बाईला जसं वागवलं, तसं बाहेरच्या बाईला वागवायची सोय त्या एका शब्दात आहे. म्हणजे शब्द खोटा नाही, उलट फारच खरा आहे. घरच्यासारखी याचा अर्थ फुकट, हद्द नसलेली आणि वर कृतज्ञ!

शिवाय घरचेपणा सोयीप्रमाणे चालू-बंद करता येतो. रात्री साडेनऊपर्यंत थांबायचं असलं की ती घरची. सोन्याची साखळी सापडेनाशी झाली की ती बाहेरची. मुलाला मांडीवर घेऊन त्याच ताटातला घास भरवायला घरची, पण तिचं स्वतःचं ताट वेगळं, पेला वेगळा, आणि तो पेला बेसिनखालच्या कोपऱ्यात पालथा. मूल तिला ‘मावशी’ म्हणतं. मराठीत म्हण आहे, ‘माय मरो पण मावशी जगो’. या मावशीने मात्र जगावं कसं, याबद्दल म्हणीत तरतूद नाही. खऱ्या मावशीला दिवाळीत नवी साडी द्यावी लागते, नाहीतर ती वर्षभर बोलते. या मावशीला गेल्या दिवाळीची चालते, कारण ती बोलत नाही.

आणि नाव! शंभूराजांना दूध पाजणारी कापूरहोळची धाराऊ. तिचं नाव साडेतीनशे वर्षांनीसुद्धा महाराष्ट्र आदराने घेतो. आमच्या शेजारच्या घरात फोनमध्ये बाईंचा नंबर कोणत्या नावाने आहे ते मी पाहिलं आहे. ‘बाई नवी’. तिच्याआधीची ‘बाई जुनी’. मधली एक ‘बाई उचलू नये’. मी आमच्या बाईंचं नाव इथे आनंदाने लिहिलं असतं. पण मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “नको आजोबा. छापून आलं की सोसायटीवाले ओळखतील.”

आता जरा हिशेबाचं बोलू. बाई आठला येतात, म्हणजे घरून पावणेसहाला निघतात. रात्री आठला सुटतात, म्हणजे दहाला घरी पोचतात. त्यांना एक मुलगा आहे, पाच वर्षांचा. त्याला कोण सांभाळतं? त्यांची मुलगी. तिचं वय अकरा. तिची शाळा दुपारची, आणि भाऊ आजारी असला की शाळा नाहीच. म्हणजे साखळी अशी : कंपनीला आमच्या सूनबाई हव्यात, म्हणून सूनबाईंना बाई हव्यात, म्हणून बाईंना मुलगी हवी. आणि त्या मुलीला काय हवं? इथे साखळी संपते. आपल्या या सगळ्या प्रगत शहराचा, त्याच्या काचेच्या इमारतींचा आणि त्यांत चालणाऱ्या मीटिंगांचा शेवटचा भार एका अकरा वर्षांच्या पोरीच्या कमरेवर आहे, आणि त्या कमरेवर तिचा भाऊ आहे. हे वाक्य मी विनोदी लेखात घालायला नको होतं असं संपादक म्हणतील. पण मला हे वाक्य घालायला दुसरा लेख कुणी देत नाही.

सूनबाईंना दोष देऊन मोकळे होणारे पुष्कळ आहेत. ‘पूर्वीच्या बायका नाही का मुलं वाढवत?’ असं विचारणारे गृहस्थ स्वतः पूर्वी ऑफिसात होते, त्यामुळे मुलं कशी वाढली हे त्यांना ऐकून माहीत आहे. कायद्याचं पाहा. २०१७ साली सुधारणा होऊन बाळंतपणाची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर आली. फार चांगली गोष्ट झाली. पण सत्ताविसाव्या आठवड्यात मूल स्वतः वाटी घेऊन वरणभात कालवून खातं, अशी सरकारची समजूत दिसते. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला पंधरा दिवसांची रजा आहे. खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. मूल होण्यात त्याचा काही संबंध नव्हता असं कायद्याने गृहीत धरलं आहे.

त्याच सुधारणेत आणखी एक कलम आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला भेटता आलं पाहिजे. कागदावर किती सुंदर! पण ज्यांनी हे लिहिलं त्यांनी सकाळची विरार लोकल पाहिलेली नसावी. त्या गाडीत धडधाकट माणूस चढताना जिथे चप्पल फलाटावर राहते, तिथे सहा महिन्यांचं मूल घेऊन ऑफिसच्या पाळणाघरापर्यंत पोचायचं, म्हणजे मुलाला आधी गिर्यारोहण शिकवावं लागेल. पाळणाघर हवं ते आईच्या ऑफिसाजवळ नव्हे, घराजवळ. आणि घरं म्हणजे फक्त आमचीच घरं नव्हेत, बाईंचंही.

हे काही मी नवीन सांगत नाही. ‘अंगणवाडी’ हा शब्दच मुळी आपल्या ताराबाई मोडकांचा. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावं, हे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला करून दाखवलं. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी तिथेच, त्या विटा-वाळूच्या शेजारी पाळणाघर काढलं. १९७५ साली सरकारने अंगणवाड्यांची योजना आणली. म्हणजे युक्ती सापडलेली आहे, शब्द सापडलेला आहे, तोही मराठीत. फक्त संध्याकाळी आठपर्यंत उघडी राहणारी, बाईंच्या गल्लीतली एक खोली तेवढी सापडत नाही.

आणि बाया गप्प बसल्या म्हणून हे झालं असंही नाही. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता. पुणेकरांनी तोपर्यंत बरेच संप पाहिले होते, पण ज्या संपात स्वतःची भांडी स्वतःला घासावी लागतात असा तो पहिलाच. त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जिनिव्हात घरकामगारांसाठी करार केला. त्यांत आठवड्याला सलग चोवीस तासांची विश्रांती लिहिलेली आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं आणि मंजुरीची सही मात्र अजून केलेली नाही. हेही पुन्हा आपल्या घरासारखंच. ‘तुमचं अगदी बरोबर आहे’ असं म्हणायचं आणि पंख्याकडे पाहायचं.

आता वळू या बागेकडे. आमच्या सोसायटीत बाग आहे. घसरगुंडी आहे, दोन झोपाळे आहेत, चार बाक आहेत, आणि एक पाटी आहे. पाटीवर काय करू नये ते लिहिलं आहे. चेंडू खेळू नये, सायकल चालवू नये, गवतावर बसू नये, ओरडू नये. मुलांसाठी केलेल्या बागेत मुलांनी मूल असू नये, एवढंच लिहायचं राहिलं आहे. गेल्या वर्षी त्या पाटीवर एक ओळ वाढली : ‘बाया व ड्रायव्हर यांनी बाकांवर बसू नये.’

संध्याकाळी साडेपाचला या बागेचं दृश्य पाहण्यासारखं असतं. पंधरा-वीस मुलं घसरगुंडीवर, आणि त्यांच्या पंधरा-वीस मावश्या उभ्या. सकाळपासून मूल उचलून कंबर मोडलेल्या. बाक रिकामे. एका बाकावर मी. मी कमिटीला पत्र लिहिलं की ही ओळ काढा. कमिटीने सभा घेतली. आमच्या समोरच्या ब्लॉकमधले एक गृहस्थ उठून म्हणाले, “अहो, आज बाकावर बसतील, उद्या लिफ्टमध्ये येतील.” कारण बायांची लिफ्ट वेगळी आहे, बरं का! जिच्यातून गॅसचे सिलिंडर, जुनी कपाटं आणि कुत्री जातात ती. माझा प्रश्न साधा होता. बाई मुलाला कडेवर घेऊन लिफ्टपाशी आली तर तिने कुठल्या लिफ्टने जायचं? मूल मालकाचं, बाई सिलिंडरबरोबरची. मुलाला वर पाठवून बाईने मागून यायचं की काय? ठराव ‘पुढील सभेत विचारार्थ’ ठेवण्यात आला. मग मी एक केलं. रोज साडेपाचला पाटीवरच्या त्या ओळीसमोर माझी छत्री उघडून वाळत घालतो. मे महिन्यातसुद्धा. बाया बसतात. वॉचमन येऊन छत्रीकडे पाहतो, आकाशाकडे पाहतो आणि जातो. त्याचीही बायको कुठेतरी मूल सांभाळते.

आणि रविवार! आठवडाभर मूल बाईपाशी, म्हणून रविवारी आईबापांना त्याच्यासाठी ‘काहीतरी’ करायचं असतं. हे काहीतरी हल्ली मॉलमध्ये असतं. तिथे एका जाळीच्या पिंजऱ्यात रंगीत चेंडू भरलेले असतात आणि तासाचे पैसे घेऊन मुलाला त्यांत सोडतात. मूल चेंडूंत, आई फोनमध्ये, बाप तिसऱ्या मजल्यावरच्या बुटांत. आणि चौथी व्यक्ती जाळीला हात लावून उभी असते. ती कोण? तर ‘घरच्यासारखी’. तिचा रविवार तिथे गेलेला असतो. मग सगळे जेवायला जातात. हॉटेलात तिला वेगळ्या टेबलावर बसवतात आणि मुलाला भरवायचं काम देतात. तिच्या पुढ्यात काय येतं हे मी एकदा शेजारच्या टेबलावरून पाहिलं : मुलाने टाकलेला अर्धा पिझ्झा. बिल चार आकडी.

या शहरात मुलाला न्यायला जागा नाहीत असं म्हणणाऱ्यांनी जरा बाहेर पडावं. भायखळ्याची राणीची बाग आहे. २०१६ साली तिथे पेंग्विन आले, आणि भर उकाड्यात मुंबईकर वातानुकूलित पक्षी पाहायला घाम पुसत रांगेत उभे राहू लागले. २०१७ मध्ये तिकीट वाढलं : मोठ्या माणसाला ५० रुपये, मुलाला २५, आणि आई-बाप-दोन मुलं अशा कुटुंबाला एकत्र १००. हिशेब करा. एकच मूल असलेल्या आईबापांना १२५ पडले, दोन मुलंवाल्यांना १००. म्हणजे एकुलत्या एका मुलाच्या पालकांनी दुसरं एखादं मूल उसनं नेलं तर २५ रुपये सुटतात. त्यांना मी सुचवतो : बाईंचा मुलगा न्या. तो पाच वर्षांचा आहे, आणि त्याने पेंग्विन पाहिलेला नाही. त्याची आई ज्या मुलाला पेंग्विनचं चित्र दाखवून भरवते, त्या मुलाबद्दल त्याने बरंच ऐकलं आहे.

वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे. तिथे हात लावू नये अशी पाटी नाही, उलट हात लावल्याशिवाय काही चालतच नाही. मुंबईत मुलांना हात लावू देणारी ही फार थोड्या जागांपैकी एक. फोर्टमधल्या वस्तुसंग्रहालयाने २०१९ साली मुलांसाठी खास संग्रहालय काढलं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. मुलं वर पळतात आणि आजोबा पहिल्याच लेण्यात बौद्ध भिक्षूंसारखे ध्यानस्थ बसतात. पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ साली सुरू झाली. आज जे आजोबा नातवाला तिच्यात बसवून ‘घट्ट धर’ म्हणतात, ते स्वतः तिच्यातून पडता पडता वाचलेले असतात. आणि २०१८ साली ‘अलबत्या गलबत्या’ पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा चेटकिणीला मुलं घाबरली आणि आईबाप टाळ्या पिटत होते. सगळ्यांत स्वस्त सहल म्हणजे दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरची पुढची खिडकी. ते वाऱ्याचं सिंहासन २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त झालं. नव्या विजेच्या गाड्यांत थंड हवा आहे, पण खिडकीतून डोकं काढून “आजोबा, झाड लागलं!” असं ओरडण्याची सोय नाही.

पण माझं भांडण जागांच्या संख्येशी नाही, त्या जागी कोण जाऊ शकतं याच्याशी आहे. शहर मुलांचं आहे की नाही हे ओळखायची माझी एक कसोटी आहे. खिशात फक्त जाण्यायेण्याचे पैसे असलेली आई आपल्या मुलाला घेऊन रविवारी तिथे चार तास बसू शकते का? बाक आहे का? सावली आहे का? पाणी आहे का? आणि हो, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? या कसोटीला मॉल पहिल्याच पायरीवर बसतो, आणि आमच्या सोसायटीची बाग पाटीपाशीच. शिवाजी पार्कचा कट्टा मात्र पास होतो. त्या कट्ट्यावर बसायला आजवर कुणी कुणाचं ओळखपत्र मागितलेलं नाही.

समोरच्या ब्लॉकमधले गृहस्थ मला सांगतात, “तुम्ही लोक रेट बिघडवता. आज सुट्टी, उद्या बोनस, परवा पगारी रजा. परवडणार कसं?” हे गृहस्थ बँकेत होते. रविवार, दुसरा शनिवार, गणपती, ईद, नाताळ, शिवाय वैद्यकीय रजा घेऊन क्रिकेटचे सामने, असं सगळं भोगून ते निवृत्त झाले आणि आज पेन्शन घेतात. बँक त्यांना परवडली. बँकेने त्यांना कधी ‘घरच्यासारखे’ मानलं नाही, हे त्यांचं नशीब. मानलं असतं तर ते अजून काउंटरवरच असते.

परवडण्याचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. दोन पगारांतून घराचा हप्ता आणि बाईंचा पगार गेला की आमच्या सूनबाईंच्या हातात काय उरतं ते मला माहीत आहे. पण जे परवडत नाही ते सरकारकडे मागावं, कंपनीकडे मागावं, पाळणाघरासाठी मोर्चा काढावा. मी छत्री घेऊन पुढे येईन. ते न करता जी सगळ्यांत गरीब आहे तिच्या रविवारातून काटकसर करायची, याला हिशेब म्हणत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की बाईंना घरच्यासारखं वागवू नका. परक्यासारखं वागवा! परक्या माणसाशी आपण किती चांगले वागतो, आठवून पाहा. तो आला की ‘बसा’ म्हणतो. चहा बशीसकट देतो. त्याला नावाने आणि ‘अहो-जाहो’ने हाक मारतो. त्याची जायची वेळ झाली की ‘तुम्हांला उशीर होत असेल’ असं म्हणतो. त्याचे पैसे देणं असलं तर तारीख पाळतो, कारण तो चारचौघांत बोलेल ही भीती असते. त्याच्या पोराबाळांची चौकशी करतो, आणि त्याने आपला रविवार आपल्या घरी घालवावा असा आग्रह धरत नाही. मराठी माणूस परक्याशी जेवढ्या अदबीने वागतो, तेवढं या बायांच्या वाट्याला आलं तरी पुष्कळ झालं. प्रेमाचं नंतर पाहू. ते मूल आणि बाई आपसांत ठरवतात. आमच्या नातवाने केव्हाच ठरवून टाकलं आहे, आणि त्याने तिला यादीतला एकही प्रश्न विचारला नव्हता.

मग रविवारी मूल कुणी सांभाळायचं, असं सगळीकडून विचारलं जातं. ज्यांचं आहे त्यांनी. ही पद्धत फार जुनी आहे, असं ऐकतो.